पुलावरची मोकळी जागा

सोमवार, ४ तारीख

फौज गेल्याला महिना होऊन गेला, तरी लिहायला बसण्यापूर्वी मी दोनदा उठून दाराला कडी आहे का ते पाहून आलो. घरात हाताने लिहिलेलं काही सापडलं की चौकशी मागे लागायची, त्यामुळे इतकी वर्षं मी धोब्याला दिलेले कपडेसुद्धा तोंडीच लक्षात ठेवले आणि दर खेपेला एखादा सदरा गमावला. आता आपलंच सरकार आहे. म्हणून खिशात मावेल अशी ही छोटी वही आणली.

सुरुवात करायला आजचा दिवसही झकास मिळाला. मी पालिकेच्या बांधकाम खात्यात मुकादम आहे. आजवर काय बांधलं म्हणाल, तर बहुतेक भिंतीच, आणि त्याही माणसांना कुठून तरी बाहेर ठेवायला. आज अभियंता साहेबांनी बोलावलं आणि म्हणाले, "मुकादम, पुलावरची चौकी काढून टाका. लोकांना दिसलं पाहिजे, राज्य बदललंय ते." मला इतका आनंद झाला की मी काही न बोलताच निघालो, आणि जिन्यावरून परत जाऊन "हो" म्हणून आलो.

घरी आल्या आल्या हिला सांगितलं. ही भाजी निवडत होती. म्हटलं, "चौकी काढतोय. मी स्वतः. मग तू खुशाल चालत माहेरी जा."

हिने मान वर केली नाही. "पूल मोकळा झाला की जाईन," एवढंच म्हणाली.

हिचं माहेर पुलापलीकडे, उतरलं की डाव्या हाताला तिसरं घर. आमच्या गच्चीवरून त्याचं धुराडं दिसतं. पण गेल्या अकरा वर्षांत ही तिथे गेलेली नाही. अकरा वर्षांपूर्वी ही आणि हिचा भाऊ चौकीच्या रांगेत उभे होते. रीत अशी होती, की एकेकाने खिडकीसमोर जायचं, परवाना पुढे धरायचा. आतल्या शिपायाने पंजा उभा केला की थांबायचं, दोन बोटं हलवली की सुटायचं. त्या दिवशी हिच्या भावापुढे पंजा उभा राहिला आणि बोटं हललीच नाहीत. त्याला आत नेलं. माझा हा मेहुणा मोठा गप्पिष्ट माणूस, रांगेतसुद्धा शीळ घालायचा. तो पुन्हा कुणाला दिसला नाही.

पण हिच्या मनाला लागलंय ते वेगळंच. "त्याला आत नेलं आणि रांग एक पाऊल पुढे सरकली," ही म्हणते. "मीसुद्धा सरकले." त्या दिवसापासून त्या रांगेत पाय ठेवायचा नाही असं हिने ठरवलं, आणि हिने एकदा ठरवलं की झालं. सासूबाईंचे पाय चालत होते तोवर त्या इकडे यायच्या. आता त्या अंथरुणाला खिळल्या आहेत. मायलेकींच्या मध्ये तो एक पूल आहे, आणि तो मोकळा करायचं काम माझ्याकडे आलंय. आज मला जेवण गेलं नाही, पण आनंदाने.

शुक्रवार, ८

चौकी निघाली. मला ती घणाने फोडायची होती, पण सुतार मध्ये पडला. "लाकूड बघा मुकादम, असं आता मिळत नाही." मग एकेक फळी सुटी केली, त्याने प्रत्येकीवर खडूने खूण केली आणि सगळं पालिकेच्या गोदामात नीट रचून ठेवलं. सुताराला वस्तू टाकवत नाही. त्याच्या घरात म्हणे तीन पायांच्या खुर्च्याच जास्त आहेत.

पुष्कळ लोक जमले होते. आडवा दांडा काढला तेव्हा टाळ्या पडल्या, शिंप्याने तर टोपी नदीत फेकली आणि मग ती नवी होती म्हणून हळहळला. पाववालीने सगळ्यांना पाव वाटले. ही पाववाली सासूबाईंच्या शेजारची. रोज पूल ओलांडते आणि दोन्हीकडचे निरोप पोचवते. चौकीपुढची फरशी माणसांच्या उभं राहण्याने खोलगट झाली होती, तीही उपटून नवी बसवली. दुपारी पुलाच्या टोकाला उभं राहून पाहिलं, तर सरळ पलीकडचा रस्ता दिसत होता. माझे डोळे भरून आले.

सोमवार, ११

काहीतरी विचित्र चाललं आहे.

सकाळी पलीकडे काम होतं म्हणून निघालो, तर पुलाच्या मध्यावर गर्दी. वाटलं, कुणी पाण्यात पडलं. जवळ जाऊन बघतो तर रांग. चौकी होती बरोबर त्याच जागी. पुढचा माणूस नव्या फरशीवर येतो, थांबतो, जिथे खिडकी असायची तेवढ्या उंचीवर बघतो आणि हात पुढे धरतो. परवाने तर आम्ही सगळ्यांनी मिळून चौकात जाळले. हातात काही नाही, नुसता उघडा तळवा. जरा वेळ जातो. मग तो हात खाली घेतो आणि चालू लागतो. मग पुढचा येतो.

कुणी बोलत नव्हतं. पाववालीसुद्धा नाही, आणि तिचं तोंड झोपेतही बंद राहत नसेल. खालून पाण्याचा आवाज तेवढा येत होता. एका बाईच्या कडेवर तान्हं पोर होतं. बाईने तळवा धरला तसा त्यानेही धरला.

"अहो, काय चाललंय हे?" मी ओरडलो. "चौकी गेली!"

शिंपी मागे वळून म्हणाला, "माहीत आहे की. टोपी माझी गेली का तुमची?" आणि परत समोर बघून तळवा धरून उभा राहिला.

मंगळवार, १२

आज ठरवून निघालो, की आपण थांबायचं नाही. वाटेत तरातरा मास्तर भेटला. शाळेत शिकवतो, चालताना कुणाला गाठू देत नाही म्हणून सगळे त्याला तरातरा म्हणतात. चौकी होती तेव्हाही हा थांबायचा नाही, त्यापायी दोनदा आत जाऊन आलाय. म्हटलं, याच्याशी बोलत बोलत गेलं की आपोआप पलीकडे पोचू.

मी त्याला फरशीच्या भावाबद्दल सांगत होतो. सांगता सांगता लक्षात आलं की तो शेजारी नाही. पार पुढे कठड्यापाशी उभा राहून मला हाक मारतोय, "मुकादम, येताय ना?" मी फरशीवर उभा होतो. केव्हा थांबलो ते सांगता येणार नाही. हात पुढे होता. आणि खरं सांगायचं तर समोरच्या मोकळ्या हवेकडे बघताना मनात एकच होतं, आज नाही म्हणाले तर?

हिला यातलं काही सांगितलं नाही.

शनिवार, १६

आज हिला आग्रह करकरून बाहेर काढलं. हिने निळी शाल घेतली, आईसाठी पिशवीत काहीबाही भरलं. रस्ताभर छान बोलत होती. पुलाच्या टोकाशी आलो आणि हिचे पाय थबकले.

"कोण आहे तिथे?" हिने विचारलं.

"कुणी नाही."

"मग ते कुणासाठी उभे आहेत?"

म्हटलं, "सवय गं. जाईल हळूहळू. तू डोळे मिटून चल, मी हात धरतो." हिने माझ्याकडे असं पाहिलं की मी हात मागे घेतला. "अजून मोकळा नाही झाला," म्हणाली आणि परत फिरली. पिशवी पाववालीबरोबर पाठवली. मला फार वाईट वाटलं. एवढं मन लावून काम केलं, फरशीसुद्धा बदलली, आणि माणसं साधी चालत जात नाहीत म्हणजे काय?

मंगळवार, १९

साहेबांना सांगितलं तर ते हसले. "मुकादम, तुम्ही कंटाळलात का?" म्हटलं, चला बघायला. आले. ऐटीत पुढे झाले, फरशीवर पोचले आणि उभे राहिले. टोपीही काढली. परत आल्यावर म्हणाले, "ऊन फार आहे," आणि बराच वेळ रुमालाने मान पुसत बसले.

मग म्हणाले, इथे एक माणूस ठेवू. चार दिवस उभा राहील, लोकांना चला चला म्हणेल. सवय मोडली की काढून घेऊ. कोण ठेवायचा? मी म्हटलं, मीच राहतो. साहेबांना वाटलं कामाचा उत्साह. माझ्या डोळ्यांपुढे निळी शाल होती.

बुधवार, २०

जमलं! मी फरशीच्या कडेला उभा राहिलो आणि जो येईल त्याला हात करून म्हटलं, "चला, थांबू नका, पूल आपला आहे." पहिले काही दचकले, मग हसले आणि निघून गेले. दुपारपर्यंत रांग अशी राहिली नाही. पाववालीने जाता जाता मला पाव दिला आणि नवऱ्याची इतकी निंदा केली की मन प्रसन्न झालं. लोक बोलू लागले म्हणजे भीती गेली.

घरी सांगितलं तर ही म्हणाली, "तुम्ही तिथे उभे आहात, तोवर तो मोकळा कसा?" हिला कशातही खोड काढायची असते. म्हटलं, चार दिवस धीर धर.

सोमवार, २५

सकाळी दाढ ठणकायला लागली. दातवाल्याकडे गेलो, त्याने बसवून ठेवलं. गाल धरून परतलो तर पुलाच्या टोकापासूनच माणसं. मध्यापर्यंत सगळा पूल भरलेला, पलीकडूनही तसाच. हातगाड्या, बायका, शाळेची पोरं, आणि एक प्रेतयात्रासुद्धा खांदा बदलत उभी. कुणाचा शब्द नाही, कुणाची कुरकुर नाही. सगळ्यांची तोंडं मी उभा असतो त्या जागेकडे. मी वाट काढत धावत गेलो तर ते बाजूला होऊन मला जागा देत होते, पण मी जिथून गेलो तिथून एकही पुढे आला नाही.

जागेवर पोचलो, धापा टाकत हात केला. तेव्हा सगळे हलले.

कित्येकांनी मला मान लववली. प्रेताबरोबरचा एक जण म्हणाला, "बरं झालं तुम्ही आलात." खोटं कशाला लिहू, मला बरं वाटलं. बांधकाम खात्यात इतकी वर्षं घासली, पण मी आलो म्हणून कुणाचं अडलेलं सुटलं असं कधी झालं नव्हतं. दाढ दिवसभर दुखलीच नाही.

चार दिवसांचं बोलणं साहेबांनी परत काढलं नाही. मीही काढलं नाही. एकदम सोडून गेलो तर चेंगराचेंगरी व्हायची.

गुरुवार, २८

कालपासून पावसाची रिपरिप. मी भिजत उभा असतो हे लोकांनाच बघवेना. शिंपी, पाववाली आणि आणखी काही जण आपण होऊन पालिकेत गेले आणि सुताराला घेऊन आले. मी म्हटलं, नुसतं छप्पर पुरे. पण वारा बाजूने येतो म्हणून त्याने फळ्याही लावल्या. गोदामात आयतं लाकूड पडलेलंच होतं.

मी त्याला सांगितलं होतं, कठड्याला चिकटून एका बाजूला कर. त्याने तसं करून पाहिलं, पण खालचे खुंट बसेनात. म्हणाला, "मुकादम, या फळ्या तिथेच बसतात." मग तिथेच बसवल्या. खिळे जुन्याच भोकांत गेले. हातोडीचा आवाजसुद्धा झाला नाही, अंगठ्याने दाबले की आत.

आत बसलं की बाहेरचं फार छान दिसतं. माणसाचं तोंड अगदी समोर येतं.

सोमवार, १

पालिकेने कोट दिला. जाड, गरम. फौजेच्या जुन्या कोटांना रंग दिलाय, पण चांगला दिलाय, जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. शिंपी माप घ्यायला आला होता, मला कोट चढवला आणि टेप गळ्यात तशीच ठेवून म्हणाला, "यात मला काही कामच नाही." उजव्या कोपराशी कापड झिजलेलं आहे, आणि मी खिडकीच्या फळीवर कोपर टेकतो तेव्हा ते बरोबर तिथेच येतं. आतल्या खिशात ही वही मावते.

हिने कोट घरात आणू दिला नाही. "बाहेरच्या खुंटीला अडकवा," म्हणाली. मी म्हटलं, भिजेल. तर म्हणाली, "भिजू दे." रात्री जेवताना माझ्या हाताकडे बघत होती. शेवटी म्हणाली, "अहो, मी भाजी वाढायला आले की पंजा कशाला उभा करता? पुरे म्हणा ना तोंडाने."

मी कधी केला? मला तर आठवत नाही.

बुधवार, ३

सासूबाईंची तब्येत उतरत चालली आहे. पाववाली म्हणाली म्हणून संध्याकाळी भेटून आलो. उशाशी बसलो. मला बघून त्यांना हुशारी आली. खिडकीतून त्यांना पुलाचा मधला भाग दिसतो.

"तुम्ही उभे असता ना तिथे?" म्हणाल्या. "मी बघते. मला दोरवाला आठवतो."

कोण दोरवाला? तर त्या लहान असताना पूल नवा होता आणि त्याला कठडाच नव्हता. एकदा गर्दीत एक म्हातारा पाण्यात पडला. मग लोकांनीच एक माणूस मध्ये उभा केला, आता तुम्ही या, आता तुम्ही जा, असा हात करायला. तो दोर वळायचा, भला माणूस. लहान पोरांना आधी सोडायचा. "पावसात भिजायचा बिचारा. आमच्या बाबांनीच त्याला फळ्या दिल्या, छप्पर करायला."

"आणि मग फौज आली," मी म्हटलं.

"छे हो. फौज पुष्कळ उशिरा आली. तोवर कठडाही झाला होता. पण तिथे माणूस असायचाच. फौजेने काही बांधलं नाही, जावईबापू. होता त्या माणसाला उठवला आणि आपला बसवला." मग डोळे बारीक करून माझ्याकडे बघत राहिल्या. "तुम्ही अगदी त्याच्यासारखेच उभे राहता."

मला बरं वाटलं. म्हाताऱ्या माणसांना काय काय जुनं आठवतं! कठड्याचं मात्र मला माहीत नव्हतं. निघताना त्यांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या, "तिला आणा हो एकदा." मी शब्द दिला.

शनिवार, ६

मास्तर मला मुद्दाम त्रास देतो. सगळे जगाच्या रीतीने थांबतात, तळवा दाखवतात. मी काही मागत नाही, पण त्यांनी पुढे धरलेल्या हाताकडे न बघणं बरं दिसत नाही म्हणून बघतो. आणि हा मात्र तरातरा निघून जातो. वर परवा खिडकीत वाकून म्हणाला, "मुकादम, बाहेर या हो, आत कोंदट वास येतो." रांगेतले दोघेचौघे हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रांग मोडली की मागच्यांना वाटतं आपणच का थांबायचं. आणि मग चेंगराचेंगरी होईल ती माझ्या नावावर.

दुपारी नव्या सरकारच्या कचेरीतून एक गृहस्थ आले होते. साधे कपडे, बोलणं लाघवी. मला म्हणाले, तुमच्या कामाचं वर कौतुक आहे. काही अडचण? कुणी न थांबता जातं का? मी म्हटलं, तसं कुणी नाही, एक मास्तर आहे, पण मनाने वाईट नाही.

"नाव नका सांगू," ते घाईने म्हणाले, "उगाच कुणाला त्रास नको. राहतात कुठे तेवढं सांगा, समजावून बघू." किती समजूतदार माणूस! पूर्वीचे असते तर काठीच काढली असती.

बुधवार, १०

मास्तर दोन दिवस दिसला नाही. गावाला गेला असेल. शाळेची पोरं मात्र नेहमीच्या वेळी आली आणि तशीच परत गेली. आता रांग कशी सुरळीत चालते. आज एक गंमत झाली. हातगाडीवाल्याच्या तळव्यावर जखम होती, पट्टी बांधलेली. त्याने पट्टी सोडून हात दाखवला. मी म्हटलं, अरे कशाला? तर म्हणतो, "नंतर कटकट नको."

हिला मास्तरचं बोललो. ही एकदम उभी राहिली. "कुणी विचारलं होतं तुम्हाला? काय सांगितलंत?" मी काय सांगितलं? घर कुठे तेवढं सांगितलं. सगळ्या गावाला त्याचं घर माहीत आहे. ही गच्चीवर गेली आणि अंधार पडेपर्यंत पलीकडच्या धुराड्याकडे बघत बसली.

शनिवार, १३

नीट लिहायला पाहिजे.

दुपारी पाववाली पलीकडून आली, माझ्याकडे न थांबता (म्हणजे थांबली, पण बोलली नाही) सरळ आमच्या घराकडे गेली. थोड्या वेळाने पुलाच्या टोकाला निळी शाल दिसली. ही येत होती. हातात पिशवी. मी ओळखलं, सासूबाईंचं जास्त झालं असणार. रांग लांब होती. ही रांगेत शिरली नाही. पुलाच्या मधोमध, सरळ, कुणाकडे न बघता चालत होती. "बाई, रांग आहे," कुणीतरी म्हणालं. हिने ऐकलं नाही. मला इतका अभिमान वाटला म्हणून सांगू! अकरा वर्षं मी हा दिवस डोळ्यांपुढे आणत होतो, हे सगळं ज्याच्यासाठी केलं तो हाच.

आणि माझा हात वर गेला.

मी केला नाही. पलीकडून हातगाडी येतेय असं मला वाटलं, हिला धक्का लागेल म्हणून असेल. नंतर पाहिलं, गाडी नव्हती. पंजा उभा होता आणि ही थांबली. अगदी फरशीवर. मला दोन बोटं हलवायची होती, एवढंच, त्यात काय अवघड आहे, दिवसभर तेच करतो. ती हलेनात. रांगेतले सगळे आमच्याकडे बघत होते. आपल्या माणसाला पुढे घातलं असं उद्या कुणी म्हणालं असतं, हेही डोक्यात आलं, मी नाकारत नाही.

हिने माझ्या पंजाकडे पाहिलं. मग कोटाकडे. मग माझ्याकडे, पण असं, की मी त्या खिडकीत नाहीच. पाण्याचा आवाज येत होता. हिने पिशवी खाली ठेवली आणि शालीतून हात काढून तळवा माझ्यापुढे धरला.

मी बघितला. सवयीने. भाजी चिरताना झालेला जुना व्रण आहे अंगठ्याखाली, तोही दिसला. मग बोटं हलली.

ही पिशवी उचलून पलीकडे गेली. मागे वळून पाहिलं नाही. रांग एक पाऊल पुढे सरकली.

रविवार, १४

सकाळी पाववालीने निरोप आणला. सासूबाई सावरल्या आहेत, लेकीला बघून दोन घास खाल्ले, रात्रभर तिचा हात सोडला नाही. ऐकून जीव भांड्यात पडला. म्हणजे शेवटी घडलं की नाही माझ्यामुळे? हिने कपडे मागवले आहेत, सगळे.

"सगळे कशाला? येणार कधी?" मी विचारलं.

"पूल मोकळा झाला की येईन म्हणाल्या."

मी खिडकीतून वाकून दोन्हीकडे पाहिलं. रविवार, त्यात सकाळ, पुलावर चिटपाखरू नव्हतं. म्हटलं, "अगं, मोकळाच तर आहे." पाववाली तळवा धरून उभी होती. मी बोटं हलवली तेव्हा गेली.

संध्याकाळी काम आटपून घरी आलो. हिचे कपडे बांधून ठेवायचे, पाववाली उद्या लवकर निघते. दार सकाळी नुसतं लोटून गेलो होतो, ते वाऱ्याने उघडलं आहे. आत दिवा नाही. हिची निवडायची परात ओट्यावर तशीच दिसते. कोट काढून खुंटीला लावायचा होता, ते राहिलं. उंबऱ्याशी आलो आणि उभा राहिलो.

मला वाटलं, क्षणभर. पण बराच वेळ झाला असावा, कारण समोरचा रस्त्यावरचा दिवा लागला. माझा तळवा पुढे होता. आत कुणी नाही हे मला ठाऊक आहे, मी काही वेडा नाही. हाकही मारून पाहिली.

आता पायरीवर बसून लिहितोय. दिव्याचा उजेड वहीवर पुरेसा येतो आणि कोट गरम आहे, तसा काही त्रास नाही. शेजारी जाता येताना बघतात आणि वळसा घेऊन जातात. कपडे न्यायचे आहेत म्हणजे आत जायला तर हवंच. कुणीतरी हात केला की जाईन.